गणवेश नसलेल्या फौजेचे रंग

१८०० सालचा पावसाळा आपल्या भागाला फार जड गेला. ३० जूनला पेशव्यांचे कर्नाटकातील सरदार धोंडोपंत गोखले कित्तूरच्या परिसरात, टिपूच्या पाडावानंतर स्वतःची फौज जमवलेल्या धोंडिया वाघाशी लढताना पडले. महिनाभराने, ३० जुलैला, आर्थर वेलस्ली या इंग्रज कर्नलने सौंदत्ती तालुक्यातील मुनवळ्ळीजवळ मलप्रभेच्या काठी धोंडियाच्या छावणीवर झडप घातली आणि तिची दाणादाण उडवली. १० सप्टेंबरला कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दुआबात, कोनगल येथे, त्याने आपल्या चार घोडदळ रेजिमेंटा एकाच रांगेत उभ्या केल्या आणि स्वतः पुढे राहून हल्ला चढवला. त्यात धोंडिया मारला गेला. हाच वेलस्ली पंधरा वर्षांनी वॉटर्लूवर नेपोलियनसमोर उभा राहिला, म्हणून जगाला तो ठाऊक आहे. परंतु यल्लम्माच्या डोंगराकडे जाणाऱ्या आपल्या लोकांच्या नेहमीच्या वाटेजवळ त्याची एक मोहीम घडून गेली, ही गोष्ट बेळगावातही फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही. टिळकवाडीतील माझ्या खोलीत मी ही मोहीम २८ मिलिमीटर उंचीच्या धातूच्या शिपायांमध्ये उभी करीत आहे. त्या कामात ज्या प्रश्नाने माझा सर्वांत अधिक वेळ घेतला, तो रंगांच्या एकवाक्यतेचा. त्याविषयी मला मनापासून काही सांगावयाचे आहे.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऐतिहासिक वॉरगेममध्ये एखादी खरी लढाई टेबलावर मांडली जाते. नद्या, टेकड्या, गावे मोजमापाने बसवतात, प्रत्येक पलटणीच्या जागी काही मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती, एका बेसवर, म्हणजे लहानशा तळपट्टीवर, चिकटवून उभी करतात, आणि फासे, मोजपट्टी व ठरलेले नियम यांच्या आधारे दोन्ही बाजूंचे खेळाडू आपापले सैन्य हलवतात. शिपाई न रंगवताही हा खेळ खेळता येतो; परंतु माझ्यासारख्या पुष्कळांना रंगकाम हेच त्याचे खरे सुख वाटते. त्या रंगकामाचा पहिला धडा असा की, टेबलाकडे पाहणारा माणूस शिपाई पाहत नाही, तुकडी पाहतो. एकेका शिपायाच्या डोळ्यांत बुबुळे काढण्याचे कौशल्य असूनही दहा स्वारांचे लाल दहा प्रकारचे असेल, तर त्यांचे पथक होत नाही. उलट, अगदी साध्या हाताने रंगवलेले पण एकाच विचाराने रंगवलेले स्वार खोलीत शिरताच नजर धरून ठेवतात.

यामागे एक साधे गणित आहे. २८ मिलिमीटरची मूर्ती म्हणजे माणसाचा सुमारे छप्पन्नावा भाग. ती आपण एका मीटरवरून पाहतो, तेव्हा प्रत्यक्षात जवळजवळ छप्पन्न मीटरांपलीकडच्या माणसाकडे पाहत असतो. तेवढ्या अंतरावर मधली हवा प्रत्येक रंगात थोडा धूसरपणा मिसळते आणि काळा पूर्ण काळा राहत नाही. लहान वस्तूवर पडणारा प्रकाशही कमी, त्यामुळे बाटलीतला रंग जसाच्या तसा लावला तर मूर्ती अंधारी दिसते. म्हणून अनुभवी रंगारी प्रत्येक रंगात थोडी फिकट छटा मिसळतो. मी ती छटा सर्व रंगांसाठी एकच ठेवली आहे: मातकट, किंचित पिवळसर बदामी. निळ्यात, लालात, काळ्यात, ढालीच्या चामड्यात, सगळीकडे त्याच एका बदामीचा अंश आहे. कोणाला तो वेगळा दिसत नाही; तरीही ईस्ट इंडिया कंपनीचा घोडेस्वार आणि दख्खनचा शिलेदार शेजारी उभे केले की ते एकाच उन्हात उभे असल्यासारखे वाटतात. एकवाक्यतेचे निम्मे काम अशा न दिसणाऱ्या निर्णयांनी होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

कंपनीची बाजू रंगवणे तुलनेने सोपे, कारण तेथे रंग हुकुमाने ठरलेले होते. ब्रिटिश पायदळाचा कोट लाल. पलटण ओळखायची ती कॉलर आणि बाह्यांच्या उलटलेल्या पट्टीच्या रंगावरून. तीन वर्षांनी असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर असलेल्या दोन स्कॉटिश पलटणींपैकी ७४ व्या पलटणीची ही पट्टी पांढरी, तर ७८ व्या पलटणीची फिकट बदामी होती. उष्ण मुलखातील इंग्रज घोडदळाला त्या काळी गडद निळ्याऐवजी करड्या झाकेचा फिका निळा कोट असे, आणि मद्रासच्या देशी रिसाल्याला लाल. ही माहिती एकदा पक्की झाली की पुढे उरते ती शिस्त.

परंतु येथेही एक बारकावा आहे आणि तो मला फार प्रिय आहे. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या जातीच्या युरोपीय झाडाच्या मुळांनी रंगवलेला असे. तो रंग विटकरीकडे झुकणारा, थोडा मंद. अधिकाऱ्याच्या कोटाचे कापड उंची, आणि त्याचा लाल कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला, झळझळीत शेंदरी. म्हणजे एकाच पलटणीत दोन लाल होते आणि त्यांच्यातील फरक हुद्द्याचा होता. अधिकाऱ्याला आणि शिपायाला एकाच बाटलीतून लाल देणारा रंगारी एकसारखेपणा साधतो, पण त्या काळाची एक खरी गोष्ट पुसून टाकतो. एकवाक्यता म्हणजे सरसकट सारखेपणा असे मानले तर अशा जागी चूक होते. ज्या कारणाने दोन रंग वेगळे होते ते कारण जपणे आणि ज्या कारणाने दोन रंग एक होते तेही जपणे, याला मी एकवाक्यता म्हणतो.

हे जपायचे तर स्मरणशक्तीवर भिस्त ठेवून चालत नाही. माझ्याकडे एक जाड पानांची वही आहे. तिच्यात प्रत्येक मिश्रण थेंबांच्या प्रमाणात लिहिलेले आहे: मूळ रंगाचे किती थेंब, बदामीचे किती, पाणी किती, सावलीचा रंग कोणता, उजळ कडांचा कोणता. केवळ लिहून भागत नाही. वहीला मी त्याच धातूच्या, त्याच प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराच्या, पट्ट्या बांधल्या आहेत आणि त्या पट्ट्यांवर प्रत्येक मिश्रणाचा पट्टा ओढलेला आहे, कारण कागदावर सुकलेला ॲक्रिलिक रंग आणि प्रायमर दिलेल्या धातूवर सुकलेला रंग एकसारखा दिसत नाही. काळ्या प्रायमरवरचा लाल जड आणि काळवंडलेला, पांढऱ्यावरचा लाल तजेलदार, हे तर नवख्यालाही लगेच जाणवते. शिवाय प्रत्येक पथकातील एक पूर्ण रंगवलेला स्वार मी नमुना म्हणून वेगळा ठेवतो, तो खेळात उतरत नाही. दोन वर्षांनी त्याच पथकात भर घालायची झाली तर नवे स्वार त्याच्या शेजारी ठेवून जुळवतो, आणि तेही दिवसाच्या उजेडात. दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग सकाळी खिडकीशी नेले की वेगळे पडतात. कंपन्या रंग बंद करतात, बाटलीचे नाव तेच ठेवून आतील छटा बदलतात. आपली पट्टी आपल्यापाशी असली म्हणजे त्यामुळे काही अडत नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. गोखल्यांच्या स्वारांना गणवेश नव्हता, आणि धोंडियाच्या स्वारांनाही नव्हता. मराठी घोडदळात बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई. अंगावरचे कपडे दोघांचेही ज्याचे त्याचे. अंगरखा, चोळणा, कमरेला शेला, डोक्याला पागोटे, पाठीवर काळी ढाल, हातात भाला. धोंडिया स्वतः चन्नगिरीकडचा मराठा. तो हैदर आणि टिपू यांच्या चाकरीत राहिला, पुढे टिपूच्या कैदेत पडला आणि ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले तेव्हा सुटला. त्याच्याभोवती जमलेले लोक म्हणजे टिपूच्या मोडलेल्या फौजेतील आणि दख्खनच्या गावोगावचे बेकार स्वार. म्हणजे किल्ले, खोरी आणि बाजार ज्यांचे एक, कापडही ज्यांचे एक, अशा दोन घोडदळांना टेबलावर समोरासमोर उभे करायचे आहे. खेळणाऱ्याला कोण कोणाचा हे हातभर अंतरावरून कळले पाहिजे, आणि ते कळावे म्हणून मी इतिहासाला न शोभणारा रंग कोणाला देता कामा नये.

आम्हा बेळगावकरांच्या डोळ्यांना तर एकसारख्या गणवेशाची विशेष सवय आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या शहरात आहे. कॅम्पच्या रस्त्यावरून एका ठेक्यात जाणारे रंगरूट आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली मुंबईच्या सिपायांची पलटण म्हणून उभी राहिली, तेव्हा मराठी बोलणाऱ्या माणसांच्या अंगावर कंपनीचा लाल कोट आला. गणवेश आपल्याकडे त्या वाटेने आला आहे. त्याच्याआधीच्या फौजेकडे पाहताना आपण नकळत तीच नजर वापरतो आणि शिलेदारांनाही एका रंगात बसवू पाहतो.

आणि तो एक रंग कोणता, हे सांगायलाच नको. दिवाळीला आमच्या गल्लीगल्लीत मुले मातीचे किल्ले बांधतात, बाजारात मावळे विकायला येतात, आणि त्यांच्या डोक्यावर बहुधा भगवे पागोटे असते. शिवजयंतीच्या चित्ररथांवरही तोच रंग. सीमाभागात त्या रंगाशी लोकांच्या किती भावना जोडलेल्या आहेत हे मला चांगले ठाऊक आहे. त्या माझ्याही आहेत. किल्ल्यावरच्या मावळ्याला भगवे पागोटे शोभते, कारण तेथे तो मावळा मुलांच्या मनातील निष्ठेचे चिन्ह असतो. परंतु लढाईच्या टेबलावर मी खऱ्या माणसाची जागा भरीत असतो. ज्या फौजेत प्रत्येकाने आपापल्या घरचे पागोटे बांधले होते, त्या फौजेला एका रंगात बुडवले तर त्या प्रत्येकाचे गाव, ऐपत आणि आवड मी पुसून टाकतो. भगव्याची जागा झेंड्यावर. तेथे तो पूर्ण तेजाने, कोणतीही भेसळ न करता लावावा. पथकात दुसरीकडे कोठेही तेवढा शुद्ध भगवा नसला की टेबलाच्या पलीकडच्या टोकावरूनही नजर आधी झेंड्यावर जाते, आणि रणात झेंडा त्याचसाठी असे.

मग स्वारांना रंग कोणते द्यायचे? यावर मला सापडलेले उत्तर असे की, गणवेश ठरवणारा कोणी नव्हता तरी रंग अमर्याद नव्हते. ते रंगाऱ्याच्या घरी ठरत होते. प्रयोगशाळेतला पहिला कृत्रिम रंग, पर्किनचा जांभळा, १८५६ साली निघाला. त्याच्या आधीच्या माणसाच्या अंगावर जे काही होते ते झाडाच्या मुळातून, पानातून, फुलातून, फळाच्या सालीतून किंवा किड्यांपासून आलेले होते. निळा नीळ या झाडाचा. लाल मंजिष्ठेचा किंवा आल या झाडाच्या मुळांचा, तुरटीने पक्का केलेला. पिवळा हळदीचा किंवा डाळिंबाच्या सालीचा. गुलाबी आणि नारिंगी करडईच्या फुलांचा, ज्याला कुसुंबा म्हणत. काळा लोखंड आणि हिरडा यांच्या मिलाफातून. हिरडा आमच्या खानापूरच्या रानात आजही वेचला जातो. हिरवा हवा असेल तर निळीवर पिवळ्याचे पूट. आणि या सर्वांहून अधिक, न रंगवलेले साधे सुती कापड. एवढ्या सामग्रीतून मी बारा मिश्रणे बनवली आणि दोन्ही बाजूंच्या सर्व दख्खनी स्वारांना त्यांच्याबाहेरचा रंग द्यायचा नाही असा नियम केला. चमकदार गर्द जांभळा, विजेसारखा राणी रंग, प्लॅस्टिकच्या बादलीसारखा हिरवा हे सगळे त्या नियमाने आपोआप बाहेर राहिले. कोणत्याही दोन स्वारांचा वेश सारखा नाही, आणि तरीही शंभर स्वार एकत्र उभे केले की डोळ्याला कोठे खडा लागत नाही. कारण सगळे रंग एकाच मुलखातून आलेले आहेत.

शहापूर आणि वडगाव हा विणकरांचा भाग. तेथे एका वृद्ध गृहस्थांशी माझी ओळख आहे. त्यांच्या आजोबांच्या काळी घरी निळीचे रांजण होते. त्यांच्यासमोर मी माझे स्वार मांडले, तेव्हा ते बराच वेळ निरखून पाहत राहिले आणि म्हणाले, “सर, निळीला उन्हाचं भ्या न्हाई. घासलं की जातीया ती. कुसुंब्याचं उलटं हाय बघा, त्याला ऊन दावायचंच न्हाई.” या बोलण्याने माझी रंगवण्याची पद्धत बदलली. तोपर्यंत मी सर्व कपड्यांच्या उंचवट्यांवर सारखीच उजळ छटा देत असे, जशी सगळे रंगारी देतात. आता निळ्या चोळण्याचा रंग मी गुडघ्यावर, मांडीच्या आतील बाजूस जेथे खोगीर घासते तेथे, आणि कोपरावर उडवतो. कुसुंबी आणि हळदीच्या पागोट्याचा रंग वरच्या वेढ्यांवर, जेथे दुपारचे ऊन पडते तेथे, फिका करतो आणि पेचांच्या आत मूळ तेज ठेवतो. लोखंडाचा काळा जुना झाला की तपकिरीकडे वळतो, म्हणून काळ्या शेल्याच्या कडा करड्या न करता तपकिरी करतो. पाहणाऱ्याला हे नियम सांगावे लागत नाहीत. त्याला एवढेच जाणवते की हे कपडे वापरलेले आहेत.

आता गोखल्यांचे आणि धोंडियाचे स्वार वेगळे कसे ओळखायचे, हा प्रश्न. तो मी रंगांनी न सोडवता रंगांच्या प्रमाणाने सोडवला. दोन्ही पथकांची मिश्रणे तीच. परंतु गोखल्यांच्या पथकात पांढऱ्याचा वाटा मोठा ठेवला. ही सरकारी चाकरीतील, पगाराची आशा असलेली, मागे सुभ्याचा आधार असलेली माणसे. पुण्याच्या दरबारातील सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे जे चित्र स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सने १७९२ साली रंगवले त्यातील पांढऱ्या तलम वस्त्रांचा ठसा माझ्या मनावर आहे, आणि दरबार म्हणजे छावणी नव्हे हे ध्यानात ठेवूनही सरदाराच्या आसपासच्या स्वारांना मी ती स्वच्छता दिली. दर तीन स्वारांमागे एकाचे पागोटे लाल, म्हणजे पथकभर लालाचे ठिपके विखुरलेले दिसतात. धोंडियाच्या पथकात पांढरा कमी, तोही धुळीने मळलेला; निळा आणि काळसर तपकिरी अधिक; पिवळा आणि कुसुंबी अधूनमधून अचानक चमकणारे, कोणाच्या तरी लुटीतून आलेल्या चांगल्या शेल्याचे. काहींच्या अंगावर टिपूच्या फौजेतील जुन्या जांभळट कापडाचे तुकडे ठेवले आहेत, ज्यावर वाघाच्या पट्ट्यांची ती प्रसिद्ध नक्षी होती. हा जांभळट मी निळीवर मंजिष्ठेचे पूट देऊन, म्हणजे वहीतल्याच दोन मिश्रणांतून काढला. नवी बाटली उघडली नाही. डोळे बारीक करून पाहिले की एक पथक उजळ दिसते आणि एक गडद. खेळायला तेवढे पुरते. धोंडियाच्या माणसांना काळ्या रंगात बुडवून दुष्ट ठरवायचे नाही, ही काळजी मी मुद्दाम घेतली. पोटासाठी घोड्यावर बसलेली ती माणसे होती. त्यातील कित्येकजण आदल्या वर्षी कोणाच्या तरी सरकारी चाकरीत असतील.

लालाविषयी आणखी थोडे. कंपनीच्या शिपायाचा कोट आणि गोखल्यांच्या शिलेदाराचे पागोटे हे दोन्ही लाल मुळांतून निघालेले. झाडे वेगळी, खंड वेगळे, पण जात जवळची. हे लक्षात आल्यावर मी दोघांचे मूळ मिश्रण एकच केले आणि फरक फक्त कडेला ठेवला: कोटाची कड थंड, किंचित गुलाबीकडे जाणारी, पागोट्याची कड ऊबदार, नारिंगीकडे जाणारी. जाड लोकरी कापड प्रकाश गिळते, म्हणून कोटावर उजळ रेषा रुंद आणि मऊ. तलम सुती पागोट्यावर त्या बारीक आणि तीक्ष्ण. टेबलावर हे दोन लाल जवळ येतात, तसेच १८०० साली ते एका बाजूला होते, कारण पेशव्यांचे सरदार त्या मोहिमेत कंपनीच्या सोबतीला होते. त्यांच्या लालात दिसणारे हे नाते मला त्या वर्षाच्या राजकारणाला धरून वाटते.

घोड्यांविषयी फार लिहीत नाही, पण त्यांनाही नियम लागतो. इंग्रजी रिसाल्यात रंगवताना कुमाईत (काळ्या आयाळीचे तपकिरी) आणि तांबूस घोडे एका पट्टीत ठेवले की शिस्त दिसते. दख्खनी स्वारांसाठी भीमथडीच्या चिवट, लहान चणीच्या घोड्यांचे सर्व रंग घ्यावेत: कुमाईत सर्वांत अधिक, मग सबजे (करडे-पांढरे), थोडे काळे, एखादा अबलख (दुरंगी). पंचकल्याणी घोडा पथकात एकच असावा आणि तो म्होरक्याला द्यावा. चार पाय पांढरे असलेले घोडे पथकभर दिसू लागले की त्यांची शोभा जाते.

सर्वांना बांधणारी शेवटची गोष्ट म्हणजे जमीन, आणि आमच्या जिल्ह्यात तिचा विचार केल्यावाचून चालत नाही. पश्चिमेला खानापूरकडे लाल जांभ्याची माती, जिच्यातून कौले आणि मडकी होतात. पूर्वेला सौंदत्ती, गोकाक, अथणीकडे उतरावे तशी काळी, पावसात बुटाला चिकटणारी कापसाची जमीन. बेळगाव शहर जवळजवळ या दोहोंच्या सांध्यावर आहे. मुनवळ्ळीची लढाई काळ्या मातीची आणि तीही जुलैच्या अखेरची, म्हणून सर्व बेस एकाच ओल्या, काळसर तपकिरी रंगाचे केले आणि कडेला गडद तपकिरी पट्टी दिली. त्याच मातीचे शिंतोडे घोड्यांच्या पायांवर आणि अंगरख्यांच्या घेरावर, कंपनीच्या आणि दख्खनच्या दोन्ही स्वारांना सारख्याच हाताने उडवले. खरी माती चाळून, तव्यावर भाजून, गोंदाने चिकटवण्याची पद्धत चांगली आहे, पण गोंदाने ती गडद होते आणि प्रत्येक खेपेस वेगळी होते; म्हणून मातीचा पोत घ्यावा आणि रंग वहीतूनच द्यावा. हिरवे गवत थोडेच, आणि तेही पावसाळी, कोवळे. कित्तूरच्या लढाईसाठी हाच बेस किंचित तांबूस करावा लागेल, कारण तेथील जमीन दोन्हींचे मिश्रण आहे; ते मिश्रणही वहीत लिहून ठेवले आहे.

ज्या ऋतूत ही मोहीम घडली त्याच ऋतूत तिचे रंगकाम करणे मात्र आमच्या गावात जिकिरीचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते की स्प्रेचा प्रायमर खडबडीत बसतो आणि मॅट व्हार्निशवर पांढरे धुके धरते, जे महिन्याचे काम एका क्षणात झाकून टाकते. म्हणून प्रायमर आणि व्हार्निश ही दोन्ही कामे मी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखतो, आणि पावसाळ्यात फक्त ब्रशचे काम करतो. फारच गरज पडली तर ब्रशने लावायचा प्रायमर पातळ करून दोन हातांत देतो. एक व्हार्निश, एकाच दिवशी, सर्व पथकांना: हाही एकवाक्यतेचाच भाग, कारण दोन वेगळ्या चमकांमुळे एकच रंग दोन दिसतो.

आता एकच मूर्ती उरली आहे, धोंडियाची. तो स्वतःला उभय लोकांचा अधिपती म्हणवून घेत असे. खेळात त्याला लगेच ओळखता यावे म्हणून त्याला सोनेरी अंगरखा किंवा लखलखीत तांबडा जामा द्यावा, असा आग्रह माझ्यासमोर खेळणाऱ्या तरुण मित्रांनी धरला आहे. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. परंतु जुलैपासून सप्टेंबरपर्यंत चार नद्यांचे मुलूख धावत ओलांडणाऱ्या माणसाच्या अंगावर काय राहिले असेल, याचा विचार केला तर मला वहीबाहेर जावेसे वाटत नाही. त्याला मी पथकातील सर्वांत स्वच्छ पांढरा अंगरखा देणार आहे, कारण त्याच्याभोवती मळके पांढरे आहेत आणि त्यांच्यात तो पुरेसा उठून दिसेल. पागोटे मंजिष्ठेचे लाल, गोखल्यांच्या स्वारांच्याच मिश्रणाचे, वरच्या पेचांवर अजिबात न विटलेले, नुकतेच बांधलेले. सोनेरी जरीचे काम फक्त पागोट्याच्या टोकाला आणि शेल्याच्या काठाला. घोडा पंचकल्याणी. व्हार्निशसाठी हवा कोरडी होईपर्यंत तो काचेच्या कपाटात गोखल्यांच्या पथकाशेजारी उभा राहील, आणि त्या दोघांचे लाल दिवसाच्या उजेडात जुळते की नाही ते मी मित्रांसमक्ष पाहणार आहे.